उंदीर मारून उंदीर संपत नाहीत

काही पावसाळ्यांपूर्वी लालबागच्या एका चाळीतला सत्तावीस वर्षांचा मुलगा आमच्या वॉर्डात दाखल झाला. दुचाकीवरून घरोघरी जेवणाचे डबे पोचवण्याचे त्याचे काम. ताप येऊन सहा दिवस झाले होते. पहिले तीन दिवस मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून त्याने कामावर जाणे चालू ठेवले. चौथ्या दिवशी मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी झाली. दोन्ही निगेटिव्ह आल्या, म्हणून घरचे निश्चिंत झाले. आमच्याकडे आला तेव्हा डोळे लालसर पिवळे, लघवी आदल्या दिवसापासून जवळजवळ बंद, आणि पोटऱ्यांना हात लावला तरी कळवळत होता. मी त्याच्या आईला विचारले, ‘हा साचलेल्या पाण्यातून गेला होता का?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘डॉक्टर, पावसात मुंबईत पाण्यातून कोण जात नाही?’

हिंदमाताला पाणी भरले त्या दिवशी तो गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत गेला होता. टाचेला नवीन बुटाने घासून झालेली जखम होती. तिसऱ्या दिवशी फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला. डायलिसिस, व्हेंटिलेटर, रक्त, सगळे करून आम्ही त्याला वाचवू शकलो नाही. निदान होते लेप्टोस्पायरोसिस.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात दोन आकडे छापून येतात. पालिकेने किती उंदीर मारले हा एक, आणि लेप्टोचे किती रुग्ण सापडले हा दुसरा. ते वेगवेगळ्या पानांवर येतात आणि आपणही ते वेगवेगळे वाचतो. पहिला आकडा वाढला की दुसरा आपोआप कमी होईल, असे आपण मनात धरून चाललेलो असतो. तीस वर्षे सरकारी रुग्णालयात ताप बघितल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे गृहीतकच चुकीचे आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आपले शेजारी कोण?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात जमिनीखाली आणि भिंतीआड राहणारे तीन-चार प्रकारचे प्राणी आहेत. आपण सगळ्यांना सरसकट ‘उंदीर’ म्हणतो. पण त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत आणि त्या समजल्याशिवाय बंदोबस्त होत नाही.

पहिला घरातला काळा उंदीर. सडपातळ, शेपूट अंगापेक्षा लांब, चढण्यात पटाईत. जुन्या चाळींचे लाकडी वासे, माळे, वायरींचे जुडगे हे त्याचे रस्ते. दुसरा गटारातला तपकिरी उंदीर. तो अंगाने जाड, आखूड शेपटीचा आणि उत्तम पोहणारा असतो. तिसरी घूस. मोठी घूस किलोच्या घरात जाते. डिवचली तर केस पिंजारून गुरगुरते. इंग्रजीतले ‘बँडिकूट’ हे तिचे नाव तेलुगूमधल्या ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ या शब्दावरून गेले आहे. घूस मुळात शेतातली, बांधावरची. शहरात तिला गोदामे, बाजार आणि मोकळी मातीची जागा मिळाली आणि ती इथलीच झाली. ती जमीन पोखरते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, फुटपाथचे ब्लॉक खचले, जोत्याखालची माती सरकली, तर काम बहुधा तिचेच असते. बिळात ती धान्यही साठवून ठेवते.

चौथी चिचुंद्री. तिचे नाक लांब आणि टोकदार, डोळे बारीक, अंगाला उग्र वास. ती उंदीर नव्हेच, तिचे कूळच वेगळे. ती मुख्यतः किडे आणि झुरळे खाते. तिलाही लोक उंदीर समजून झोडपतात.

उंदीर आणि घुशी यांच्या काही सवयी सारख्या आहेत. दोघेही रात्री निघतात आणि उघड्यावरून जाण्यापेक्षा भिंतीला अंग घासत, मिशांनी चाचपत जाणे पसंत करतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणे ही त्यांची गरज आहे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पिंजरा किंवा नवे खाद्य दिसले की एक-दोन दिवस लांब राहतो, मग किंचित चाखून बघतो. चाखल्यावर त्रास झाला तर त्या खाद्याला पुन्हा तोंड लावत नाही. बाजारातली झटपट विषाची पुडी पहिल्या रात्री चालते आणि नंतर चालत नाही, त्याचे कारण हे आहे. तपकिरी उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात.

शेवटची सवय सर्वांत महत्त्वाची. खायला जवळ मिळत असेल तर उंदीर लांब जात नाही. त्याची रात्रीची फेरी साधारणपणे बिळापासून पन्नास-शंभर मीटरच्या आतली असते. म्हणजे तुमच्या चाळीच्या जिन्याखाली दिसणारी घूस कुठून तरी लांबून आलेली नाही. तिचे जेवण तुमच्याच वाडीत, तुमच्याच गल्लीत आहे. मोठ्या उंदराला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम अन्न पुरते. रात्री खिडकीतून मागच्या गल्लीत भिरकावलेल्या एक वाटी भातावर तीन-चार उंदीर सुखाने राहतात.

रोग येतो कसा?

लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पिळदार जिवाणू. तो उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडून बसतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लघवीतून जिवाणू महिनोन्महिने बाहेर पडत राहतात. गुरे, डुकरे आणि कुत्रे यांच्यापासूनही हा रोग होतो. म्हणून पाळलेल्या कुत्र्याला लेप्टोची लस दिलेली असावी. कोरड्या जागी आणि उन्हात हा जिवाणू फार तग धरत नाही. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र तो दिवसेंदिवस जगतो. मुसळधार पाऊस पडला की बिळात पाणी शिरते, प्राणी बाहेर येतात, गटार आणि रस्ता एक होतात आणि त्या पाण्यातून आपण चालतो. पायाला भेग असो, खरचटलेले असो किंवा चिखल्या झालेल्या असोत, जिवाणूला तेवढी वाट पुरते. डोळ्यांवाटे आणि तोंडावाटेही तो शिरतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी किती माणसे बुडाली, दरडीखाली गेली हे सगळ्यांना आठवते. पण पाणी ओसरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तापाच्या रुग्णांची जी रांग लागली, ती आम्हा डॉक्टरांना आठवते. आम्ही वॉर्डात जमिनीवर गाद्या घातल्या होत्या. पुरातून पोहून सुखरूप घरी आलेली माणसे त्यानंतर लेप्टोने गेली.

मारणाऱ्यांची मेहनत आणि तिची मर्यादा

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक काम करतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि रात्रीचे उद्दिष्ट तीस उंदरांचे. आपण झोपलेलो असताना ही माणसे गल्लीबोळांत, कचऱ्याच्या ढिगांत फिरतात. लेप्टोचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच आहे. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण एका माणसाला रोज बादलीने पाणी उपसायला लावायचे आणि नळ मात्र चालूच ठेवायचा, तसे हे चालले आहे.

एखाद्या गल्लीत शंभर उंदरांना पुरेल एवढे अन्न आणि लपायला जागा असेल, तर तिथे शंभर उंदीर राहतात. त्यातले पन्नास मारले की उरलेल्या पन्नासांना दुप्पट अन्न मिळते, पिल्ले जास्त जगतात, शेजारच्या गल्लीतले मोकळ्या जागेत येतात. काही महिन्यांत पुन्हा शंभर. एवढेच असते तर फक्त श्रम वाया गेले म्हटले असते. पण कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. काही वस्त्यांमध्ये उंदीर पकडून मारल्यानंतर, मागे उरलेल्या उंदरांमध्ये लेप्टोचे जिवाणू असण्याचे प्रमाण आधीपेक्षा वाढलेले होते. उंदरांचे कळप ठरावीक जागी, ठरावीक उतरंडीने राहतात. मधलेच काही उचलले की ती घडी विस्कटते, उरलेले इकडेतिकडे फिरतात, भांडतात, आणि जिवाणू अधिक पसरतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अन्न आणि बिळे तशीच ठेवून केलेली मारामारी उलटूही शकते, हा त्याचा अर्थ.

चिकटपट्टीबद्दलही एक सांगतो. गोंदावर अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो. हे क्रूर आहे, आणि केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानेही तिच्या वापराला विरोध केला आहे. डॉक्टर म्हणून माझा आक्षेप आणखी एक आहे. भेदरलेला प्राणी तिथेच लघवी करतो, आणि सकाळी घरातली बाई किंवा कामवाली मावशी ती पट्टी उघड्या हातांनी उचलते. उंदीर पकडायचाच असेल तर पिंजरा बरा. तोही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालूनच हाताळावा आणि नंतर धुवावा.

परळमध्ये मिळालेला धडा

हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या काळात उंदीर मरून पडू लागले की पाठोपाठ माणसे मरतात, हे दिसत होते, पण मधला दुवा कळत नव्हता. घरे धुतली, जंतुनाशके ओतली, रुग्णांना ओढून नेले. साथ शहराबाहेर गेली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितले की, प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. लोकांनी त्याला हसण्यावारी नेले. त्याचे म्हणणे पक्के झाले ते १९०५ नंतर परळच्या प्रयोगांत. प्लेग झालेल्या प्राण्यांजवळ निरोगी प्राणी ठेवले. ज्यांच्या पिंजऱ्यांना पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी होती, ते वाचले. बाकीचे आजारी पडले. हवा तीच, खोली तीच, फरक फक्त जाळीचा. रोगाची वाट नेमकी कुठून जाते हे शोधून ती तिथे अडवायची, ही शिकवण याच परळमधून जगाला मिळाली.

त्याच साथीच्या निमित्ताने १८९८ मध्ये शहर सुधार न्यास स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. त्या योजनांत गरिबांची घरे पाडली गेली आणि त्यांना पुरेशी घरे मिळाली नाहीत, हा दोष खराच. पण रोगाचे उत्तर घरांच्या आणि गल्ल्यांच्या रचनेत आहे, हे तेव्हाच्या लोकांना उमगले होते.

सुरतेचे उदाहरण तर अनेकांच्या आठवणीतले आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत हाहाकार उडाला. लोक गाड्या भरभरून पळाले. नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात त्या शहराने कचरा उचलण्याचे वेळापत्रक बसवले, गटारे साफ केली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. त्यावेळी देशातल्या घाणेरड्या शहरांत गणले जाणारे सुरत काही वर्षांत स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले.

अमेरिकेतले बीळवाले

मुंबईत आली तीच प्लेगची जागतिक साथ जहाजांबरोबर १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. तिथल्या उंदरांकडून जिवाणू रानातल्या प्राण्यांत गेला आणि आजही पश्चिम अमेरिकेत टिकून आहे. त्याचा मोठा फटका बसला तो प्रेअरी डॉगना. नावात कुत्रा असला तरी हा आपल्या खारीच्या कुळातला, गवताळ माळावर बिळांच्या वसाहती करून राहणारा प्राणी. धोका दिसला की कुत्र्यासारखा आवाज काढतो म्हणून हे नाव. शहरे वाढत त्यांच्या माळापर्यंत गेली आणि आज कोलोरॅडोतल्या बोल्डरसारख्या शहरात मैदानांच्या कडेला, रस्त्यांलगत त्यांच्या वसाहती आहेत. प्लेग शिरला की अख्खी वसाहत काही दिवसांत नष्ट होते.

तिथेही ‘मारून टाका’ म्हणणारे आहेत. पण आरोग्य खात्याचा नागरिकांना सल्ला वेगळा आहे. त्यांना खाऊ घालू नका, मेलेला प्राणी हाताने उचलू नका, कुत्र्याला मोकळे सोडू नका आणि त्याच्यावर पिसवांचे औषध वापरा. बिळांमध्ये पिसवा मारणारी पावडर टाकतात. शेंगदाण्याच्या लोण्याच्या चवीच्या गोळ्यांतून प्रेअरी डॉगना प्लेगची लस देण्याचे प्रयोगही झाले आहेत. याउलट २००३ मध्ये हेच प्राणी हौसेने घरात पाळले गेले. विक्रेत्याकडे आफ्रिकेतून आणलेल्या उंदरांशेजारी ठेवल्यामुळे त्यांना मंकीपॉक्स झाला, आणि त्यांच्यापासून सहा राज्यांतल्या चाळीसहून अधिक माणसांना. बीळवाल्या रानटी प्राण्याला ना हाताने भरवावे, ना घरात आणावे. त्याचे बीळ आणि आपले घर यांत अंतर राखावे.

घूस प्रेअरी डॉगइतकी गोजिरवाणी नाही, आणि तिला जपण्यासाठी मुंबईत कोणी समिती नेमणार नाही. पण नियम तोच लागू आहे.

गल्लीचे काम

आमच्या भागातल्या जुन्या इमारतींना मागे एक चिंचोळी घरगल्ली असते. मोऱ्यांचे पाइप, तुंबलेली गटारे आणि वरच्या मजल्यांवरून पडणारा ओला कचरा यांनी ती भरलेली असते. घुशींची खरी वसाहत तिथे आहे. पालिकेने घरगल्ल्या नियमित साफ कराव्यात, फुटलेले पाइप आणि गटारांची झाकणे दुरुस्त व्हावीत, ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरली पाहिजे. तक्रारीसाठी १९१६ हा क्रमांक आहे. पण साफ केलेल्या घरगल्लीत त्याच रात्री कोणी पिशवी टाकली, तर दोष कोणाचा?

ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि गाडी येण्याच्या वेळेलाच खाली द्यावा. रात्री बारा वाजता खाली ठेवलेली पिशवी म्हणजे घुशींना वाढलेले ताट. दादरच्या भाजी-फुलबाजारात आणि लालबागच्या मसाला-धान्याच्या दुकानांत माल जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून ठेवावा. कबुतरांना आणि कुत्र्या-मांजरांना घातलेले अन्न रात्री उरले की त्यावर उंदीर जगतात. ज्यांना भूतदया म्हणून घालायचे आहे त्यांनी खाऊन होईपर्यंत थांबावे आणि उरलेले उचलून न्यावे. मांजर पाळण्याचा उपायही सांगितला जातो. मांजर लहान उंदीर धरते, पण भरलेल्या घुशीच्या वाटेला ती सहसा जात नाही.

बिळे बुजवायची तर नुसती माती उपयोगाची नाही. काचेचे तुकडे आणि सिमेंट एकत्र करून भरावे. पाइपाभोवतीच्या फटींना तारेची जाळी लावून सिमेंट करावे. लहान उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतूनही आत येतो, हे लक्षात ठेवावे.

बहात्तर तास

आता प्रत्येकाने स्वतःसाठी करायचे काम. गल्ली सुधारायला वर्षे लागतील, पण पाऊस थांबणार नाही. साचलेल्या पाण्यातून गेलात तर घरी येऊन पाय साबणाने धुवा, कोरडे करा, जखम असेल तर औषध लावा. जखम असतानाच जावे लागणार असेल तर ती पाणी जाणार नाही अशी झाकून, गमबूट घालून जा.

नंतर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. एकदाच पाण्यातून गेला असाल आणि जखम नसेल, तर प्रौढांना सहसा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच देतात. जखम असेल तर तीच मात्रा रोज, तीन ते पाच दिवस. सफाई कामगार, मूषक संहारक, डबे पोचवणारी मुले यांसारख्यांना वारंवार पाण्यात जावे लागते, त्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध चालत नाही, त्यांना दुसरे देतात. गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. ती पालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. गोळीने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. स्वतःच्या मनाने पावसाळाभर खात राहू नये.

पाण्यातून गेल्यावर महिन्याभरात ताप आला, बहुधा तो एक-दोन आठवड्यांत येतो, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा: ‘मी पाण्यातून गेलो होतो.’ या एका वाक्याने निदान दोन दिवस आधी होते. डोके आणि पोटऱ्या ठणकणे, डोळ्यांतून घाण न येता डोळे लाल होणे ही या तापाची खूण. मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह आले म्हणजे ताप साधा आहे असे नव्हे. लेप्टोची प्रतिपिंडांची तपासणीही पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून आम्ही अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करतो. तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी अंगदुखीची गोळी घेऊ नका, त्याने मूत्रपिंडाला इजा होते. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर दवाखाना नव्हे, थेट रुग्णालय. लवकर आलेला लेप्टोचा रुग्ण साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो.

उंदराने चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या लसीची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील.

गणेशोत्सव ऐन पावसाळ्यात येतो. लालबाग-परळच्या रस्त्यांवर लाखो माणसे तासन्‌तास उभी असतात, कितीतरी जण अनवाणी. श्रद्धेच्या आड मला यायचे नाही. पण रांगेत पाणी साचले असेल तर मंडपाच्या दारापर्यंत चप्पल घालावी, एवढे बाप्पाही चालवून घेईल. मंडळांनी भाविकांसाठी पाय धुण्याची सोय केली आणि प्रसादाचे खरकटे रात्रीच उचलले, तर ती मोठी आरोग्यसेवा होईल.

एक प्रयोग सुचवतो. एका संध्याकाळी चाळीतल्या चार-पाच जणांनी गमबूट आणि हातमोजे घालून घरगल्लीतून आणि जोत्याभोवती फेरी मारावी. दिसेल त्या बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबावा. सकाळी जाऊन किती बोळे बाहेर ढकलले गेले ते मोजावे. तेवढी बिळे नांदती आहेत. तो आकडा चाळीच्या फळ्यावर लिहावा. कचऱ्याची वेळ पाळावी, बिळे पक्की बुजवावीत, आणि महिन्याने पुन्हा मोजावे. मारलेल्या उंदरांच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा आहे, आणि तो कमी करणे बरेचसे आपल्या हातात आहे.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. पावसात मुंबईत पाण्यातून कोण जात नाही, हे खरेच. सगळेच जातात. पण तिच्या मुलाला बहात्तर तासांत एक गोळी मिळाली असती आणि तापाच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला असता, तर तो आज कामावर असता, असे मला वाटते. या पावसाळ्यात तुमच्या घरातले कोणी पाण्यातून आले, तर त्याला दारातच विचारा: पाय धुतलेस का, जखम आहे का, आणि दवाखान्यात कधी जातोस?